गुडघ्यापर्यंतची गोधडी

आमच्या गृहात नवीन आलेला माणूस आधी खुर्ची कुठे आहे ते पाहतो, मग पंखा कुठे आहे ते पाहतो, आणि उरलासुरला वेळ असेल तर मुलांकडे पाहतो. मॅडमनी पहिल्या दिवशी दरवाजे पाहिले. खांद्यावरच्या झोळीतून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी काढली आणि फाटकापासून सुरू करून एकेका कडीत, कोयंड्यात, बिजागरीत थेंब थेंब सोडत आतपर्यंत गेल्या. मी मागे मागे.

"मॅडम, हे काम चौकीदाराचं आहे."

"त्याचं असतं तर त्यानं केलं असतं ना, बापू. तू फडकं धर."

मी फडकं धरलं. चांगला सरकारी गृहातला हाउस फादर मी, आणि कोण कुठली बाई स्कूटरवरून उतरते काय, फडकं धर म्हणते काय आणि मी धरतो काय! अशी तिडीक गेली डोक्यात. माझं डोकं तसं लवकर तापतं. घरी विचारा, दारी विचारा, सगळे हेच सांगतील.

गृह म्हणजे काय ते आधी सांगतो. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, किंवा घडला असा आरोप असला, की केस चालू असेपर्यंत त्याला तुरुंगात नाही ठेवत, आमच्याकडे ठेवतात. रायपूरच्या बाहेर, अभनपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची पिवळी इमारत. मुलांना उठवणं, जेवू घालणं, हजेरी घेणं, भांडणं सोडवणं, ही माझी कामं. पदाच्या नावात बाप आहे, पण बापाचा अधिकार पोट्ट्यांनी कधी मानला नाही. मुलांची नावं सांगायला कायद्याची मनाई आहे. मॅडमचं नाव मी माझ्याच मनाईनं सांगत नाही, कारण ते छापलेलं पाहिलं तर दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून येतील आणि माझे कान उपटतील.

तर त्या कड्या. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, हे तेलाचं खूळ कशापायी? म्हणाल्या, "तो खण्णकन आवाज झाला का पोट्ट्यांचे खांदे वर जाते. पाह्यलं नाही का तू कधी?" इतकी वर्षं मी त्या कड्या लावत आणि काढत होतो, नव्हतं पाहिलं. सगळं तेलपाणी झाल्यावर चौकीदारानं बोंब ठोकली. फाटक उघडलेलं त्याला ऐकूच येईना. "कैदखान्यासारखी जागा आणि कुलपाला आवाज नाही, उद्या कोणी पळालं तर माझी नोकरी जाईल!" त्याचंही खरं होतं. मॅडम गेल्या आणि कुठूनशी बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा घेऊन आल्या. फाटकाला ती बांधली. "हा आवाज चालते. ह्या आवाजानं घर आठवते." चौकीदार खूश झाला, आणि बैल फिरतोय की काय म्हणून शेजारच्या वस्तीतले लोक आठवडाभर आमच्याकडे वाकून पाहत होते.

मॅडम मूळच्या नागपूरच्या, लग्नानंतर रायपूरच्या, राहायला ब्राह्मणपाऱ्यात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिक्षण ऑक्युपेशनल थेरपीचं. एका मोठ्या इस्पितळात लहान मुलांना चमचा धरायला, बटण लावायला, आवाजाला न घाबरायला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर एका संस्थेनं त्यांना आमच्याकडे पाठवलं. बाकीचे लोक आमच्या पोरांना व्याख्यान द्यायला येत. क्रोध हा माणसाचा शत्रू आहे, वगैरे. पोरं जांभया देत, बिस्किटाचा पुडा घेत आणि संध्याकाळी एकमेकांची डोकी फोडत. मॅडम व्याख्यान देत नसत. त्यांचं एकच तुणतुणं: "तोंडाले नको विचारू, आंगाले विचार." पोरांशीही त्या आपल्या नागपुरीतच बोलत, आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या पोरांना ते बरोबर समजे.

म्हणजे असं. एखाद्या पोरानं दुसऱ्याला बदडलं की आम्ही त्याला उभं करून विचारायचो, काहून मारलं बे? त्याला ठाऊक असेल तर सांगेल ना! मॅडम विचारायच्या, "मारायच्या आधी कुठी गरम झालं? कानात? पोटात? का हातात?" पोरगं चक्रावून जायचं. मग जरा वेळानं म्हणायचं, हातात. "मंग हाताले काम देऊ." आणि त्याला जात्यावर बसवायच्या. जातं त्यांनी स्वतःच्या घरून आणलं होतं. स्वयंपाकघराजवळच्या जुन्या कोठारात त्यांनी आपला पसारा मांडला होता: वाळूची पोती, खिडकीच्या गजांना बांधलेल्या सायकलच्या ट्यूबा ताणायला, जाड कापडाचा एक झोका, मळायला मातीचं टोपलं, आणि बोरकुटाचा, वाळलेल्या बोरांच्या पुडीचा, डबा. बोरकूट जिभेवर ठेवलं की माणसाचं डोकं क्षणभर दुसरीकडे जातं, हे त्यांचं शास्त्र. मला पहिल्यांदा त्यांनी ते शास्त्र लावलं तेव्हा मी अधीक्षक साहेबांशी भांडून तणतणत येत होतो. रस्ता अडवला आणि म्हणाल्या, "आ कर." मी आ केला. अशी आंबट सणक गेली कानशिलापर्यंत की साहेबांना काय उत्तर द्यायचं होतं ते विसरूनच गेलो. गेली चिडचिड ती गेलीच.

हात लावण्याबद्दल त्या फार कडक होत्या. पोरगं कितीही लहान असो, कितीही रडत असो, आधी विचारायचं: "दाबू का?" हो म्हटलं तर दोन्ही तळहात त्याच्या खांद्यांवर ठेवून, वरून खाली, सावकाश, भार द्यायचा. नाही म्हटलं तर "बरं" म्हणून बाजूला व्हायचं. आमच्या पोरांना आयुष्यात सगळं पाहून झालं होतं, पण आपण नाही म्हटल्यावर समोरचा माणूस थांबतो, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. काही पोरं नुसती मजा म्हणून दिवसभर नाही म्हणायची. मॅडम दिवसभर "बरं" म्हणायच्या.

आणि हे सगळं जगाला शिकवणाऱ्या मॅडम स्वतः काय होत्या म्हणता! ट्यूबलाइट गुणगुणली की त्यांना बसवत नसे. ताटात चमचा खरवडला की उठून जात. नवी साडी नेसत नसत. बहिणीची, वहिनीची, धुऊन धुऊन मऊ झालेली साडीच चाले. मीटिंगमध्ये मांडीवर पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन बसत. एकदा आम्हाला नव्या रायपूरला मोठ्या साहेबांकडे बोलावलं होतं. तिथले ते रुंद रस्ते, त्या काचेच्या इमारती, आणि फाटकावर सुरक्षावाला विचारतोय, "थैले में क्या है?"

"चावल."

"चावल क्यों?"

"मीटिंग में गुस्सा न आए इसलिए."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. आत साहेबांनी योगशिबिराचे फोटो हवेत म्हणून सूर लावला. मॅडम पिशवी घट्ट धरून ऐकत होत्या. साहेब टेबलावर पेन टकटक, टकटक वाजवत होते. मॅडम उठल्या, "रखूँ?" असं रीतसर विचारलं आणि साहेब गोंधळून हो म्हणताच पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवून दिली. साहेबांची टकटक थांबली. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "मैडम, पाँच ही किलो चाहिए, या तीन में हो जाएगा?" परतीच्या वाटेवर मी इतका हसलो की गाडी बाजूला घ्यावी लागली.

एकदा मी त्यांना म्हटलं, मॅडम, तुम्ही पोरांना शांत करता, पण तुमच्याच अंगाला किती काटे! त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लग्नात बँड वाजला का मी हातातलं फेकून देत होती, बापू. ताट, तांब्या, जे असन ते. सगळे म्हणत, पोट्टी तापट हाय, चढवा दोन. एकानंही म्हटलं नाही का इच्या आंगाले आवाज लागते. मोठी झाल्यावर पुस्तकात वाचलं तवा मले समजलं. मी हॉस्टेलच्या खोलीत दार लावून रडली होती." मी चहा आणायला गेलो.

आता त्या पोराचं. त्याच्यावर आमच्या दोघांचं सगळं वर्ष टांगलेलं होतं.

सोळा उलटलेला, काटकुळा, पाय मात्र लांब. शेतात काम करताना एका माणसाच्या डोक्यात फावडं मारलं होतं. माणूस वाचला म्हणून बरं. आई नव्हती, बापाचा पत्ता नव्हता. आला त्याच दिवशी मी त्याला रांगेत घ्यायला म्हणून दंडाला धरलं, तर कडकडून चावला मला. महिन्याभरात त्यानं एकाचं नाक फोडलं, स्वयंपाक्याच्या अंगावर वरणाचा भरला गंज फेकला आणि स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून घेतलं ते वेगळंच. अधीक्षक साहेब माणूस वाईट नव्हते, पण बाकीच्या पोरांचीही जबाबदारी त्यांच्यावरच. त्यांनी आम्हाला बोलावून स्पष्ट सांगितलं, की आता आणखी एक मारामारी झाली की बोर्डाला, म्हणजे बाल न्याय मंडळाला, लिहायचं आणि ह्याला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या पोरांच्या कडक गृहात पाठवायचं. तिथं गेलेलं पोरगं काय होऊन बाहेर येतं ते आम्ही पाहिलेलं होतं. आणि मारामारी झाली नाही, तर पुढच्या तारखेला त्याच्या मामाकडे सोडायचा विचार होऊ शकत होता. मामा अभनपूरच्या धान्यबाजारात हमाल. तो भेटायला आला तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "रख लूँगा साहब. लेकिन मेरे घर में भी छोटे बच्चे हैं. मारपीट करेगा तो कैसे रखूँगा?" त्याचं काय चुकलं?

म्हणजे सगळा मामला एवढाच: ह्या पोराचा हात पुढच्या तारखेपर्यंत कोणावर पडता कामा नये.

मॅडमनी त्याला पहिले काही दिवस काहीच विचारलं नाही. तो कोठाराच्या दारात उभा राहायचा, आत यायचा नाही. त्या आपल्या माती मळत बसायच्या. "दाबू का?" "नइ." "बरं." रोजचं. मग मॅडमच्या लक्षात आलं की ह्याला झोप नाही. डोळे तांबारलेले. झोप नसलेल्या माणसाचं डोकं लवकर फिरतं, हे मी माझ्यावरूनही सांगू शकतो. मॅडम म्हणाल्या, अंगावर भार असला की झोप लागते, त्याच्यासाठी भारी गोधडी करू. परदेशात म्हणे असल्या गोधड्या विकत मिळतात, काचेचे मणी भरलेल्या. आमच्या मॅडमनी आधी वाळू भरून पाहिली. ती शिवणीतून गळली आणि आख्खी खोली खरखर झाली. मग त्यांनी डोकं चालवलं: छत्तीसगडात काय कमी आहे? धान! जुन्या लुगड्यांची दोन पदरी गोधडी, तिला चौकोन चौकोन शिवून प्रत्येक चौकोनात मूठमूठ धान. चार दिवस सुई चालवत होत्या. मोठ्या अभिमानानं त्याच्या खाटेवर नेऊन पसरली.

पोरानं गोधडी चाचपली. चौकोनातले दाणे बोटांनी ओळखले आणि चटका बसल्यासारखा मागे सरला.

"ये तो धान हरे. एमा गोड़ कइसे देबो?"

अरे बापा! मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. ह्या मुलखात धानाला पाय लावत नाहीत. खळ्यावर चुकून लागला तर वाकून नमस्कार करतात. लक्ष्मीवर पाय पसरून झोपायचं तरी कसं? ज्या पोरानं माणसाच्या डोक्यात फावडं घातलं, त्याला धानाला पाय लावणं मात्र जमेना. आणि हे इतकी वर्षं रायपुरात राहून मॅडमना सुचलं नाही, मला सुचलं नाही, साहेबांना नाही. खोलीतली बाकीची पोरंही मान हलवत होती.

"मी शिकली सवरली बावळट," मॅडम म्हणाल्या आणि तिथंच खाटेवर बसून कात्री मागितली. गोधडी खालून कापली. त्याच्या अंगाला लावून पाहिली, मानेपासून गुडघ्यापर्यंत. "आता पाय बाहेर राहीन. चालन का?"

पोरानं बराच विचार केला. मग म्हणाला, "हव."

मॅडमना त्यानं दिलेलं हे पहिलं हो. त्या रात्री तो झोपला. सकाळी मी घंटा वाजवली तरी उठला नाही, तोंड उघडं टाकून घोरत होता, आणि पाय उघडे. मी मायाळू माणूस नाही, पण त्याच्या पायांवर माझा टॉवेल टाकून आलो.

पुढे तो कोठारात येऊ लागला. त्याला जातं आवडेना, माती आवडेना, पोती आवडली. वाळूचं पोतं पाठीवर घ्यायचं, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न्यायचं, ठेवायचं, पुन्हा उचलायचं. मॅडम बाजूला बसून विचारायच्या, "आता कुठी गरम हाय?" आधी तो खांदे उडवायचा. मग सांगू लागला. मानेत. मग छातीत. मग, आता नइ. त्या "दाबू का?" विचारत, आणि एक दिवस तो स्वतःच त्यांच्यापुढे पाठ करून बसला. मॅडमनी त्याच्या खांद्यांवर हात ठेवले तेव्हा त्यांचेच डोळे भरून आले होते. मला पाहून म्हणाल्या, "काय पाहून राहिला बे, जा, भाजीचं पाहून ये."

तारीख जवळ आली आणि घोळ झाला. त्या पोराला अधूनमधून झोपेत अंथरूण ओलं व्हायचं. कोणाला सांगणार? त्यानं पहाटे उठून गोधडी नळाखाली धुतली आणि ओलीच घडी करून खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीमागे कोंबली. दिवस उकाड्याचे. भिजलेल्या धानाला आणखी काय पाहिजे? चार-पाच दिवसांनी खोली झाडणाऱ्या पोरानं ती ओढून काढली, तर जुन्या लुगड्यातून पांढरे-हिरवे कोंब वर आलेले! चौकोन चौकोन उगवलेली गोधडी. सगळी पोरं धावली. आधी नुसतं हसू. मग त्यातल्या एका दांडगटानं वास घेतला आणि ओरडला, "मूते हे रे! एखर मूत म धान जागगे!" ह्याच्या मुतानं धान उगवलं!

मी व्हरांड्यात होतो. आत गेलो तेव्हा आमचं पोरगं भिंतीला पाठ लावून उभं होतं, मुठी आवळलेल्या, जबड्याची हाडं वर आलेली. दांडगट गोधडी त्याच्या तोंडापुढे नाचवत होता. साहेबही आवाज ऐकून दारात आले. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. मी शिटी तोंडात धरली आणि त्या दांडगटाचं बखोटं धरायला निघालो, तेवढ्यात मॅडमचा आवाज आला.

"माही गोधडी हाय ते! मी धुतली आन् वाळवाची विसरली. कोणाले हसू येऊन राहिलं?"

साफ खोटं. तोवर त्यांना मी एवढं एकच खोटं बोलताना ऐकलं, तेही इतक्या मोठ्यानं, की दांडगटाच्या हातातून गोधडी खाली पडली. पण पोराच्या मुठी सुटल्या नव्हत्या. त्यानं मारलं असतं तर कोणी त्याला दोष दिला नसता, आणि तरीही त्याला पाठवावंच लागलं असतं. मॅडम त्याच्याकडे गेल्या नाहीत. उभ्या राहिल्या, नुसत्या.

तो हलला. एक एक पाऊल टाकत, त्या दांडगटाच्या अगदी खांद्याला खांदा घासून, मॅडमपुढे आला. दात ओठ खातच बोलला:

"मैडम, देंह तीपत हे."

अंग तापतंय. कोणी विचारलेलं नसताना, मारायच्या आधी, स्वतःहून. मॅडम म्हणाल्या, "मंग चल." कोठारात त्यानं पोती उचलायला घेतली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, रडत, नाक ओढत, घामानं निथळत. साहेब दारातून पाहत राहिले. मीही. शेवटी पोत्यावरच बसला आणि पाणी मागितलं. साहेबांनी स्वतः नेऊन दिलं. त्या दिवशी बोर्डाला काही लिहिलं गेलं नाही.

तारखेच्या दिवशी वकिलानं त्याला पढवलं होतं: म्हणायचं, आता गुस्सा नहीं करूँगा. न्यायाधीश बाईंनी विचारलंच, "घर जाकर गुस्सा आया तो क्या करोगे?"

"गुस्सा तो आही," तो म्हणाला. वकिलानं डोळे मिटले. "त बोरा उठाहूँ. ममा घर बहुत बोरा हे."

राग तर येईलच. मग पोती उचलीन. बाईंना हसू आलं, मग त्यांनी नीट सगळं विचारलं, आणि त्यानं नीट सगळं सांगितलं: आधी मानेत तापतं, मग छातीत, तिथं उतरायच्या आत निघून जायचं. मी मागे उभा राहून ऐकत होतो. माझ्या लग्नातही मी इतका घाबरलो नव्हतो आणि माझी पोरगी पास झाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. त्याला मामाकडे सोडलं. मॅडम बाहेर बाकावर पिशवी कवटाळून बसल्या होत्या. तो जाताना त्यांच्यापुढे उभा राहिला, त्यांनी "जा" म्हटलं आणि तो गेला.

मी म्हटलं, मॅडम, मध्येमध्ये अभनपूरला जाऊन त्याची खबरबात घेत जाऊ. तर माझ्यावरच खेकसल्या. "बिलकुल नाही. गेलेल्या पोट्ट्याच्या मागं मागं नाही जायचं. आपण दिसलो का त्याले हे घर आठवन. त्यानं आपल्याले विसरलं पायजे." त्या कधीच कोणाची चौकशी करत नसत. मला ते फार कठोर वाटायचं. माणसानं एवढा जीव लावायचा आणि मग पाटी पुसून टाकायची, हे काय!

वर्ष उलटलं. चौकीदाराच्या मुलीचं लग्न अभनपूरजवळच्या गावात होतं. मॅडमच्या स्कूटरवर मी पुढे, त्या मागे, असे जाऊन जेवून आलो. बँड वाजायच्या आत निघालो. येताना अभनपूरचा बाजार लागला तर म्हणाल्या, "थांब, नवा तांदूळ पाहून घेऊ."

"रायपुरात तांदूळ मिळत नाही का?"

"इथला येगळा असते."

काय वेगळा असतो! तोच तांदूळ, तीच पोती. मी गाडी बाजूला लावली.

एका आडतीपुढे ट्रक उभा होता आणि हमाल पाठीवर पोती घेऊन चढत होते. त्यात तो होता. उंच झालेला, खांदे रुंद, डोक्याला गमछा, ओठांवर मिशीची रेघ. बरोबरचे लोक त्याची काहीतरी टिंगल करत होते आणि तो हसत होता. आम्ही त्याला गृहात असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर मॅडमनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की बोलती बंद. त्यानं आमच्याकडे पाहिलं. ओळखलं, मी शपथेवर सांगतो, ओळखलं. पाठीवरचं पोतं क्षणभर थबकलं. मग नजर आमच्यावरून पुढे गेली आणि तो ट्रकवर चढला.

मॅडमनी आडत्याकडून तांदूळ घेतला. आडत्यानं हाक मारली, "ए, माताजी की गाड़ी में रख दे." तोच आला. पोतं उचललं, स्कूटरजवळ आणलं.

"माताजी, कहाँ रखूँ?"

"पाँव के पास रख दो, भैया."

त्यानं ठेवलं. सुतळीनं बांधलं, गाठ ओढून पाहिली. मॅडमनी हमाली पुढे केली. त्यानं घेतली, खिशात टाकली आणि गेला. मागून आडत्या कौतुकानं म्हणाला, "बहुत सीधा लड़का है."

मी गाडी काढली ती संतापातच. बाजार मागे पडला तसा सुटलो. "कृतघ्न पोट्टा! साधा नमस्कार नाही? तुमच्या हातची गोधडी, तुमच्या खोलीतली पोती, आणि माताजी कहाँ रखूँ? वर हमाली घेतो तुमच्याकडून?"

"गाडी थांबव," मॅडम म्हणाल्या.

थांबवली. त्या उतरल्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड मात्र हसत होतं. मला कळेना काय करावं.

"येडा हाय का तू? त्या बाजारात कोणालेच माहीत नाही तो कुठून आला. तो माह्या पाया पडला असता तर समद्यांनी विचारलं असतं ना, ह्या कोण? मंग त्याले कोणी पोतं उचलू देल्लं असतं का?" पदरानं तोंड पुसलं, पण उपयोग झाला नाही, पुन्हा भरून आलं. "हमाली घेतली रे त्यानं माह्यापासून. जशी कोणाही गिऱ्हाइकापासून घेते तशी. मी परकी झाली, बापू. मी त्याले पुरी परकी झाली."

आणि हुंदका फुटला. आनंदाचा होता की दुःखाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला माझा राग कुठे शोधू असं झालं. मी हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं, गाडीला किक मारायला पाय उचलला.

"थांब न बे," त्या म्हणाल्या. "जरा रडू दे."

मग थांबलो. भर दुपारी, अभनपूरच्या रस्त्यावर, ट्रकवाले हॉर्न देत जात होते आणि आम्ही दोघं रडत होतो.